ब्रेकबद्दल लिहायचं राहिलं

नागपूर,
११ नोव्हेंबर १९९०

धर्मा,

तुझं दिवाळीचं कार्ड वेळेवर आलं. उत्तर मात्र मी पाडव्यापासून आज-उद्या करत राहिलो. इथं थंडी सुरू झाली आहे. सकाळी गुडघा सरळ व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून काठी पलंगालाच टेकवून ठेवतो. हे दर पत्रात लिहितो, तरी पुन्हा लिहिलं.

आज कामाचं आहे. आमच्या उमाला तुमच्या बदलापूरच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. राहते अंबरनाथ पश्चिमेला, माझ्या बहिणीकडे, माईकडे. तिला गाडी हवी आहे. एवढंच असतं तर कुठलीही धड चालणारी घे म्हणालो असतो. पण ती तीन महिने झाले रविवारी नेवाळीला जाते. लढाईच्या वेळच्या त्याच धावपट्टीवर, जिथं आपण शर्यतीला जायचो. कुणाच्या तरी गाडीतून दोन फेऱ्या मारल्या आणि स्वतःच मला पत्रानं कळवलं. लपवलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

तिला अशी गाडी हवी की सोमवार ते शनिवार कारखान्यात जाईल, माईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईल आणि रविवारी धावपट्टीवर मांडलेल्या पिंपांना वळसे घालत पळेल. खास शर्यतीची गाडी आपल्यासारख्यांना परवडत नाही हे तिला कळतं. म्हणून एकच, जुनी, दोन्हीकडे चालणारी.

मी नाही कुठल्या तोंडानं म्हणू? बावीस वर्षांची आहे, आणि तिच्या बापानं चाळिशी ओलांडली तरी हेच केलं. तू तिकडं आहेस. उल्हासनगरात गाड्या बघ, निवड, आणि नेवाळीसाठी तूच तयार करून दे. तुझा हात लागलेला असला तर मला इथं झोप येईल.

चौऱ्याऐंशीनंतर आपण गाडीबद्दल एकमेकांना एक अक्षर लिहिलेलं नाही. शर्यतीत आपल्या हेराल्ड गाडीचा ब्रेक गेला, मी भिंतीवर गेलो, पाय मोडला. यंत्र आहे, बिघडतं कधीतरी. ते मनात ठेवू नकोस.

गोदूवहिनींना नमस्कार.

हरिचंद्र


॥ एकवीरा आई ॥

बदलापूर गाव,
२५ नोव्हेंबर १९९०

हरिभाऊ साहेब,

तुमचं पत्र गोदूनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पाळीवरून आल्यावर हातपाय धुऊन वाचलं. उमाच्या नोकरीचं वाचून बरं वाटलं. नेवाळीचं वाचून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

तुम्ही सांगितलंत म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प दोनला परसूशेठकडे गेलो. आपल्याला हेराल्डची बेअरिंगं देणारा परसूशेठच, आता जुन्या गाड्या विकतो. मला काय हवं ते ऐकून घेतलं आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून म्हणाला, "सुनो साईं, धरमभाई को एकही जनावर मंगता है, जो घोडा भी हो और गाय भी हो." दोघं पोटभर हसले. मग तीन गाड्यांच्या चाव्या काढून दिल्या. दोन रविवार तिन्ही गाड्या एकेक करून बारवी धरणापर्यंत नेऊन आणल्या. दिसलं ते लिहितो.

पहिली डॉल्फिन, चौऱ्याऐंशी सालची, दोन दारांची. अंग फायबरचं, त्यामुळे हलकी. मागची चाकं ढकलतात. वळणावर मनात आलं की फिरते, स्टिअरिंगला सांगावंही लागत नाही. बारवीच्या रस्त्याला, खोटं कशाला सांगू, पन्नाशीला आलेला मी एकटाच हसलो. शर्यतीला तिन्हींत हीच. पण या गाडीच्या एका दाराचा कोपरा तडकलेला आहे, कुणीतरी होडीला लावतात तसं ठिगळ लावलंय. सुटा भाग हवा असला तर कुठून तरी मागवायचा आणि वाट बघत बसायचं. रविवारी काही तुटलं तर सोमवारी उमा कामावर कशी जाणार?

दुसरी फियाट, अठ्ठ्याहत्तरची. गियर स्टिअरिंगला. जड आहे, वळणावर म्हशीसारखं अंग टाकते. पण पत्रा जाड. कुठल्याही नाक्यावर हिचा मेकॅनिक मिळतो. माईंना ऐसपैस बसता येईल.

तिसरी मारुती, शहाऐंशीची, लाल. एका डॉक्टरांनी वापरलेली, आतून स्वच्छ. हलकी आहे आणि पुढची चाकं ओढतात. नवख्या माणसानं वळण जरा वेगात घेतलं तर नाक बाहेर जातं, शेपूट फिरत नाही. पाय उचलला की शहाण्यासारखी परत ओळीत येते. पण चाकं एवढीशी, आणि पत्रा टिचकी मारली की वाजतो. माईंचे गुडघे छातीला लागतील.

माझं मत फियाट घ्यावी. आणि उमानं नेवाळीला जाऊ नये. दुसरं तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिलं.

गाडी तयार करून देणं मात्र माझ्याकडून होणार नाही. कारखान्यात टूलरूममध्ये पोरांवर देखरेख करतो, तेवढं पुरे होतं. चौऱ्याऐंशीपासून नेवाळीच्या कुठल्या गाडीला मी पाना लावलेला नाही. कुणी लावायला सांगितलाही नाही, म्हणा.

गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा.

तुमचा
धर्मराज


नागपूर,
४ डिसेंबर १९९०

धर्मा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वजन, चाकं, पत्रा, दाराचं ठिगळ, माईचे गुडघे, सगळं आहे. ब्रेकबद्दल एक ओळ नाही.

गाडीचं दार उघडण्याआधी खिडकीतून हात घालून पेडल दाबून बघणारा तू. पळते कशी ते सगळेच बघतात, आपण थांबते कशी ते बघू, असं मला पहिल्याच दिवशी सांगणारा तू. तीन गाड्या बारवीच्या उतारावरून आणल्यास आणि कुठली कशी थांबली ते लिहायला विसरलास?

आणि फियाट! तुझं ते म्हशीचं वाक्य वाचून हसू आलं, मग हसू गेलं. मी दोन्हीकडे चालेल अशी गाडी विचारली होती. तू भिंतीवर आपटली तर कुठली कमी चेपेल ते सांगितलंस. घाबरलेला माणूस जाड पत्रा निवडतो.

अजून तोच ब्रेक डोक्यात आहे का? मी तुला कधी एका शब्दानं दोष दिला?

उमाला आज-उद्या काय ते कळवायचं आहे. तिन्हींच्या ब्रेकचं लिही. तुझ्याकडून दुसरं काही मागत नाही.

हरिचंद्र


अंबरनाथ पश्चिम,
६ जानेवारी १९९१

धर्माकाका,

दोनदा घरी येऊन गेले. दोन्ही वेळा गोदूकाकू म्हणाल्या, आत्ताच बाहेर पडले. दुसऱ्या वेळी तुमच्या चपला दारातच होत्या. काकूंनी मला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली, त्यामुळे तक्रार नाही. ही चिठ्ठी त्यांच्याच हाती देते आहे.

बाबांना महिनाभर तुमचं उत्तर नाही. ते विचारत नाहीत, नुसतं दर पत्रात शेवटी 'धर्मा भेटला का' लिहितात. तुमचं गाड्यांचं पत्र मात्र त्यांनी मला पाठवलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की परसूशेठला पाठ म्हणून दाखवलं. ते म्हणाले, बेटी, तेरा चाचा सच बोलता है, फिर भी गलत गाडी बोलता है.

डॉल्फिन मला फार आवडली. पण सोमवारचं तुमचं बरोबर आहे. म्हणून लाल मारुती घेतली. काल माईआत्याला तिच्यातून डॉक्टरकडे नेलं. गुडघे छातीला लागले नाहीत, हनुवटीला लागले असं ती म्हणते.

२७ तारखेला रविवारी नेवाळीला शर्यत आहे, माझं नाव दिलंय. गाडी तुम्ही बघितलीत तर मला हवंय. नाही बघितलीत तर दुसरं कुणीतरी बघेल. जायचं ते मी जाणारच आहे. हे धमकी म्हणून नाही, काका. तुम्हाला आधी कळावं म्हणून.

उमा


बदलापूर गाव,
९ जानेवारी १९९१

हरिभाऊ साहेब,

वर आईचं नाव घातलेलं नाही. हे पत्र तिच्या नावानं सुरू करायचा धीर झाला नाही.

उमानं गाडी घेतली. कोणी बघो न बघो ती जाणार म्हणते. म्हणजे आता मी गप्प राहिलो तर तो तिच्याशी अपराध होईल. तुमच्याशी झालाच आहे.

हेराल्डचा ब्रेक गेला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी चारही चाकं उघडून बसवली होती. माझ्या हातचा ब्रेक तसा जात नाही साहेब. हे बढाईनं लिहीत नाही. गेला असता तर मी सुटलो असतो.

तुम्हाला आठवत असेल, बावीस जानेवारीला सकाळी मी चाकांखाली लिंबं ठेवली, एक नारळ फोडला आणि एक अख्खा गाडीत ठेवला. आमच्या घरात तशी रीत आहे. मोठ्या कामाला गाडी किंवा होडी निघाली की आईचा नारळ बरोबर जातो. सुखरूप परत आल्यावर फोडायचा. तपासणीवाला यादी घेऊन आला. गाडीत सुटं काही नको, जॅक, पायपुसणं, सगळं बाहेर. त्यानं नारळही काढायला लावला. मी काढला. तो पुढच्या गाडीकडे वळल्यावर फडक्यात गुंडाळून तुमच्या सीटखाली परत सारला. आईचा नारळ मातीत ठेवून गाडी सोडायला माझं मन होईना.

तिसऱ्या पिंपाशी तुम्ही ब्रेक मारला असणार. गाडी मंदावली तसा नारळ पुढं घरंगळला असणार. पुढच्या फेरीला पिंपाशी आलात तेव्हा तो पेडलखाली होता.

मी पहिला पोचलो. तुमचे डोळे मिटलेले. फडकं सुटून नारळ पेडलखाली अडकला होता. मी तो ओढून काढला, हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि मग तुम्हाला हात लावला. आधी नारळ, मग तुम्ही. सात वर्षं मला हा क्रम आठवतो. पाळीवर आठवतो, जेवताना आठवतो. तुमचा पाय मोडला त्याचंही एवढं वाईट वाटत नाही, खरं सांगतो, जेवढं याचं वाटतं.

दवाखान्यात तुम्ही सगळ्यांना ब्रेक गेला म्हणालात. तुम्हाला तसंच वाटतंय असं मी धरलं आणि मान हलवली.

नारळ माझ्या पेटीत आहे. फोडवत नाही. दोनदा नदीवर नेला, सोडवला नाही. हलवला की आत सुकलेला गोटा वाजतो. आईवर माझा राग नाही. तिथं नारळ ठेवायला तिनं सांगितलं नव्हतं. सुटी वस्तू ठेवू नये एवढं साधं माणसांनी लिहून ठेवलं होतं, ते मी मोडलं, आणि वर तिचं नाव घेतलं.

आता तुम्ही विचारलं ते. डॉल्फिनचा ब्रेक बरा, पण जोरात दाबला की डावीकडे ओढते. फियाटला थांबायला दोन घरांचं अंतर जास्त लागतं, उताराखाली येईपर्यंत ब्रेक तापल्याचा वास सुटतो. लाल मारुती तिन्हींत चांगली. बारवीच्या उतारावर स्टिअरिंगवरचे हात उचलून दाबला, दोरी आखल्यासारखी सरळ थांबली. दोन्हीकडे चालेल अशी गाडी तीच. मला हे नोव्हेंबरातच माहीत होतं. लिहिलं असतं तर गाडी ठरली असती, म्हणून लिहिलं नाही.

उमाच्या गाडीला मी हात लावावा की नाही ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर वाईट वाटून घेणार नाही.

धर्मराज


नागपूर,
१५ जानेवारी १९९१

धर्मा,

मी शुद्धीवर होतो. डोळे मिटले होते ते दुखण्यामुळे. तुझा हात माझ्या पायाजवळून गेला ते मला कळलं, आणि पिशवीत काय पडलं तेही.

पण तुझ्या पत्रात नाही ते आता मी लिहितो. गाडी सुरू करताना मला टाचेशी फडक्याबाहेर आलेली शेंडी लागली होती. वाकून बघितलं, नारळ ओळखला. हात लांब केला असता तर खिडकीतून तुझ्याकडे देता आला असता. मी टाचेनं तो आत ढकलला. कारखान्याच्या कँटीनमध्ये तुझ्या उपासांची चेष्टा करणारा मी. त्या दिवशी सीटखाली कुणीतरी बरोबर आहे असं वाटून बरं वाटलं.

पुढं हे कबूल कसं करायचं? शिकलेला माणूस, अधिकारी, नारळ घेऊन शर्यतीला बसला. त्यापेक्षा ब्रेक गेला म्हणणं सोपं होतं. तुला वाचवायला म्हणालो नाही मी ते. स्वतःची लाज वाचवायला म्हणालो. तू मान हलवलीस तेव्हा सुटलो असं वाटलं.

ब्रेक गेला म्हणजे कुणाचा गेला, हे नेवाळीवर सगळ्यांना कळतं. त्यानंतर कुणी तुझ्याकडे गाडी आणली नाही. माझी बदली होण्याआधीच ते माझ्या कानावर आलं होतं. मी विषय बदलला. तू सात वर्षं आधी नारळ की आधी मी याचा हिशोब लावत बसलास. मला तर नुसतं एक पत्र टाकायचं होतं.

ते आज टाकलं. नेवाळीच्या शर्यतीच्या मंडळाला लिहिलं आहे की हेराल्डचा ब्रेक शाबूत होता, गाडीत सुटी वस्तू होती, आणि ती आहे हे चालवणाऱ्याला माहीत होतं. सगळ्यांसमोर वाचून दाखवा म्हटलं आहे. वस्तू कुठली ते लिहिलेलं नाही. सांगायचं तर तू सांग.

उमाच्या गाडीला तूच हात लाव. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. आणि तो नारळ तिच्या गाडीपुढं फोड. आपण दोघं अर्धे का होईना, सुखरूप परत आलोच आहोत.

मग गाडीत काहीही ठेवू नकोस.

हरिचंद्र


॥ एकवीरा आई ॥

बदलापूर गाव,
२९ जानेवारी १९९१

हरिभाऊ साहेब,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस पाळीवर गेलो नाही. गोदूला वाटलं तुमच्याकडे काही वाईट झालं. मग तिला सगळं सांगितलं. तिला नारळ ठाऊक होता. पेटी झाडताना दरवर्षी तिच्या हाताला लागत होता, पण तिनं कधी विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "सात वरसां कोंडलाव त्याला. आता फोरा."

राग आला का, असं तुम्ही विचारलेलं नाही. आला होता. शनिवारी संध्याकाळी उमाच्या गाडीची चाकं उघडली, तेव्हा कुठे गेला ते समजलं नाही. हात काळे झाले की माझं मन जागेवर येतं. चारही चाकं बसवून रात्री भाकरी खाल्ली आणि झोपलो. पुष्कळ दिवसांनी सरळ सकाळच झाली.

रविवारी नेवाळीला तुमचं पत्र वाचलं. नवी मुलं ऐकून पांगली, त्यांना त्यात काही नव्हतं. जुन्यांपैकी तिघं होते. एक जण पिंपाकडे बोट करून मला म्हणाला, "म्हणजे गायकर, सात वर्षं आम्ही उगाच भलत्याकडून ब्रेक करून घेतले?" दुसऱ्यानं सुटी वस्तू कुठली म्हणून विचारलं. मी पिशवीतून नारळ काढून दाखवला. कुणी हसलं नाही. एकानं हात जोडले, बहुतेक सवयीनं.

उमाच्या गाडीपुढं तो फोडला. गोटा अख्खा निघाला, एका अंगानं काळा पडलेला. वास खवट. गोदू खाऊ नका म्हणाली. आईचा प्रसाद, तुकडा तोंडात घातला. कडू होता. गिळला. उमानंही हट्टानं एक तुकडा घेतला आणि म्हणाली, "काका, हे साबणासारखं लागतंय." तिनं थुंकून टाकला. चालेल. तिचं त्यात काही नव्हतं.

तपासणीवाला यादी घेऊन आला, त्यानं गाडी पाहिली आणि खूण केली. तो गेल्यावर मी गुडघ्यांवर बसून सीटखाली हात घातला. मागच्या कोपऱ्यात एक लहान बाटली लागली. माईंच्या डोळ्यांच्या थेंबांची. शनिवारी डॉक्टरकडून येताना पडली असणार. गोल, बोटभर, घरंगळायला अगदी हलकी. तपासणीवाल्याच्या नजरेतून ती सुटली होती. एकच गाडी दोन्हीकडे वापरायची म्हणजे हे असं आलंच. ही गोष्ट कुठल्याही गाडीबद्दल कुणी लिहीत नाही.

बाटली खिशात घातली. पुन्हा हात फिरवला, पुन्हा फिरवला. उमा म्हणाली, काका, आता सोडा. सोडलं.

नऊ गाड्यांत पाचवी आली. तिसऱ्या पिंपाशी दर वेळी मी डोळे मिटत होतो, म्हणून तिथलं काही सांगता येणार नाही. पण सहाही फेऱ्यांत ब्रेकचा आवाज ऐकला. चांगला होता.

काल सोमवारी सकाळी ती त्याच गाडीनं कामावर गेली. आमच्या घराच्या फाटकाशी थांबून मला हात केला. माईंची बाटली अजून माझ्याच खिशात आहे. उद्या पाळीवर जाताना अंबरनाथला उतरून देऊन येईन.

धर्मराज